खिडकीचा धबधब आवाज आला की वेग वाढवायचा? अजिबात नाही. दुसरी काच उघडा

एक फॉरवर्ड सध्या सगळीकडे फिरतोय आणि काल तो आमच्या घरच्या ग्रुपवर काकूने टाकला. काकूचा हेतू चांगलाच होता, सुट्टीत सगळे गाड्या काढून बाहेर पडतात म्हणून काळजीने टाकला तिने. पण खाली मामेभावाने, ज्याचं लायसन्स दिवाळीनंतर आलंय, लिहिलं की "पाच नंबर भारी आहे, रविवारी एक्सप्रेसवेला करून बघतो". ते वाचल्यावर मला गप्प बसवेना.

ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हायवेला मागची एक काच खाली केली की गाडीत जो धब-धब-धब आवाज घुमतो आणि कानात दडे बसल्यासारखं होतं, त्याबद्दल त्यात सहा मुद्दे आहेत. एक, तो आवाज म्हणजे टायर किंवा बेअरिंग जाणार असल्याचा इशारा. दोन, दहा मिनिटांत कानाचा पडदा फाटू शकतो. तीन, गाडीतली हवा बाहेर खेचली जाते, ऑक्सिजन कमी होतो आणि ड्रायव्हरला झोप लागते. चार, काच कधीही फुटते. पाच, आवाज आला की घाबरू नका, वेग १०० च्या पुढे न्या, आपोआप बंद होतो. सहा, म्हणून हायवेला काचा कधीच उघडू नका. शेवटी "एका मोठ्या इंजिनिअरने आणि डॉक्टरने सांगितलंय", नाव कुणाचंच नाही.

पाच नंबरचंच आधी बोलते, कारण बाकीच्यांनी माणूस फार तर घाबरेल, याने मरेल.

आवाज येतो कशामुळे ते आधी बघा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की ती घूं करते, तेच इथे होतं, गाडी म्हणजे बाटली आणि उघडी खिडकी म्हणजे तिचं तोंड. बाहेरून हवा सपाट्याने जात असते, ती खिडकीच्या पुढच्या कडेवरून सुटताना तिचे भोवरे होतात, ते खिडकीच्या मागच्या कडेवर जाऊन आपटतात, प्रत्येक आपटण्याबरोबर गाडीतली हवा थोडी दाबली जाते आणि परत सुटते. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच याचं गणित मांडलं, त्याच्याच नावाने याला हेल्महोल्ट्झ रेझोनन्स म्हणतात. आपल्या साध्या गाडीत आत साधारण ३ घनमीटर हवा आणि खिडकी पाव चौरस मीटर धरली तर त्या सूत्राने उत्तर सेकंदाला वीस-बावीस ठोके येतं. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून, म्हणजे सेकंदाला २० ठोक्यांपासून, ऐकायला लागतो, म्हणजे हा आवाज ऐकू येण्याच्या अगदी काठावर आहे, म्हणूनच तो सूर न वाटता छातीवर आणि कानांवर थपडा बसल्यासारखा जाणवतो.

आता वेगाचा संबंध. १९६४ साली ब्रिटनच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये रॉसिटर नावाच्या संशोधकाने विंड टनेलमध्ये आयताकृती खाचांवरून हवा सोडून नेमकी हीच गोष्ट मोजली. काम होतं विमानांसाठी, पण भोवऱ्यांना खाच विमानाची आहे की गाडीच्या खिडकीची याच्याशी काही देणंघेणं नसतं, आणि मोकळ्या खिडकीचा किंवा सनरूफचा हा आवाज समजून घ्यायला आजही ते सूत्र घेतात. त्यात असं दिसलं की भोवरे हवेच्या साधारण ५७ टक्के वेगाने पुढे सरकतात, मागच्या कडेवर आपटतात, त्या आपटण्याचा दाब उलटा पुढच्या कडेपर्यंत येतो आणि तिथे पुढचा भोवरा सोडवतो, म्हणजे हे चक्र स्वतःला स्वतःच ढकलत राहतं. वेग वाढला की ठोकेही वाढतात. खिडकी ६० सेंटीमीटर लांबीची धरून मी ढोबळ हिशोब केला तर ताशी ८० ला सेकंदाला १५ ठोके, ९० ला १७, ११० ला जवळपास २१. आणि गाडीचा स्वतःचा आकडा किती होता? वीस-बावीस.

म्हणजे ८० ला आवाज घुमायला लागला आणि फॉरवर्डचं ऐकून तुम्ही ११० केलात तर आवाज बंद तर होत नाहीच, उलट तुम्ही बरोबर त्या आकड्यावर जाऊन बसता जिथे तो सगळ्यात जास्त घुमतो! त्याच्या पलीकडे निघून जायचं तर १३०-१४० ला जावं लागेल. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला सपाटीवरही कारला १०० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून कितीतरी कमी, समृद्धीवर १२०. हा सल्ला नवशिक्या पोराला द्यायचा, तोही अशा वेळी जेव्हा कानात धबधब चाललंय आणि त्याचं निम्मं लक्ष रस्त्यावर नाहीच? ८० वरून ११० ला गेलं की गाडीची ऊर्जा जवळपास १.९ पट होते, थांबायला लागणारं ब्रेकचं अंतर त्याच हिशोबाने दुपटीला जाऊन पोचतं, आणि ११० ला प्रत्येक सेकंदाला तीस मीटर रस्ता मागे पडतो. पुढचा ट्रक लेन बदलायला लागला तर तो सेकंद कुठून आणणार?

यात अर्धं खरं आहे ते सांगते, नाहीतर लोक म्हणतील आम्ही अनुभव घेतलाय. एका ठराविक वेगाला आवाज येतो आणि वेग बदलला की जातो हे बरोबर आहे. काही गाड्यांत खिडकी वेगळी, आतली जागा वेगळी, त्यांचा आकडा खाली असतो आणि वेग वाढवल्यावर आवाज खरंच गेलेला असू शकतो. पण बदल खालच्या दिशेनेही होतो की! ८० वरून ६५ ला या, बहुतेक वेळा धबधब मोडते. क्वचित पन्नासच्या आसपास परत थोडी घुमते, कारण त्याच सूत्राचा दुसरा टप्पा तिथे जुळतो, तो मात्र सहसा इतका जोरात नसतो.

आणि मुळात वेगाला हात लावायची गरजच नाही. दुसरी कुठली तरी काच दोन-तीन बोटं खाली करा, समोरच्या तिरप्या कोपऱ्यातली केली तर उत्तम, म्हणजे मागची डावी उघडी असेल तर पुढची उजवी. आत कोंडून दाबली जाणारी हवा तिथून निसटायला लागते आणि तो ताल पुरता मोडतो. लाल परीच्या सगळ्या खिडक्या उघड्या असतात, वारा येतो, काचा खडखडतात, पण ही कान दाबणारी धबधब तिथे होत नाही, कारण हवा कोंडतच नाही. नव्या गाड्यांत जास्त होतं कारण त्यांची रबरं घट्ट, फटी नाहीत आणि बाजूने हवा अगदी गुळगुळीत सरकते. पुढच्या काचेपेक्षा मागची जास्त त्रास देते कारण पुढच्या खिडकीजवळ आरसा आणि पुढचा खांब वाऱ्याला आधीच विस्कटून टाकतात. सनरूफ उघडल्यावर पुढच्या कडेला जी छोटी पट्टी उभी राहते ती मुद्दाम यासाठीच दिलेली असते, भोवरे विस्कटायला.

आता कान. काकूने सगळ्यात जास्त हेच मनावर घेतलंय, म्हणून आकडे देते. अगदी वाईटात वाईट १२० डेसिबल धरू. ऐकायला भयंकर वाटतं, पण दाबाच्या भाषेत ते २० पास्कल होतात. स्फोटाच्या दाबाने पडदे फाटल्याच्या ज्या वैद्यकीय नोंदी आहेत त्यात पडदा फाटायची सुरुवात साधारण ३५,००० पास्कलला मानतात. म्हणजे सतराशे पटीहून जास्त फरक आहे. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना आपण साडेपाचशे मीटर वर जातो, तेवढ्यात हवेचा दाब सहा हजार पास्कलच्या वर बदलतो, कान दडतात, आवंढा गिळला की सुटतात, आणि रोज हजारो माणसं तो घाट चढतात. तो बदल सावकाश होतो आणि हा सेकंदाला वीसदा, हे मान्य, म्हणून हा नकोसा वाटतो, डोकं दुखतं, तान्हं मूल मागे असेल तर रडायला लागतं. त्रास खरा आहे. पडदा फाटणं खरं नाही.

दुसरं म्हणजे सगळे डेसिबल कानाला सारखे नसतात. ऐकण्याचं नुकसान मोजायला जी पट्टी वापरतात तिच्यात २० हर्ट्झच्या आवाजातून तब्बल ५० डेसिबल वजा होतात, कारण कान त्या टोकाला जवळजवळ बहिराच असतो. मग आपले १२० झाले ७०. अमेरिकेची नायोश ही संस्था कामगारांसाठी ८ तासांना ८५ ही मर्यादा सांगते, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. ७० त्याच्या खूप खाली आहे.

पण, आणि इथे मला फॉरवर्डला थोडं द्यावं लागतंय, धबधब सोडून जो दुसरा आवाज असतो, वाऱ्याचा सततचा सूं सूं, तो मात्र कानाच्या नेमक्या टप्प्यातला असतो. उघड्या छताच्या गाड्यांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०११ मध्ये छापून आलेल्या मोजणीत ताशी १२० च्या आसपास तो बहुतेक वेळा ८५ च्या वर गेला, छत बंद असताना नाही गेला. आपल्याकडे छत उघडं नसतं, एक काच उघडी असते, पण रोज तीन-चार तास उजवी काच पूर्ण खाली करून हायवे तुडवणारे टुरिस्ट गाड्यांचे आणि टेम्पोचे ड्रायव्हर असतात त्यांनी उजव्या कानाची काळजी करावी, त्यांच्यासाठी हे खरंच महत्त्वाचं आहे. वर्षातून चारदा कोकणात जाणाऱ्या काकूसाठी नाही. आणि हे नुकसान वर्षानुवर्षांनी होतं, दहा मिनिटांत नाही.

ऑक्सिजनचं तर कसं लिहवलं कुणाला हेच कळत नाही. खिडकी उघडी आहे! आतली हवा बाहेर जाते तेवढीच बाहेरची आत येते, म्हणून तर दाब सेकंदाला वीसदा वरखाली होतोय. उलट सगळ्या काचा बंद, एसी चालू, आतलीच हवा फिरवणारं बटण दाबलेलं आणि आत पाच माणसं, यात कार्बन डायऑक्साइड काही मिनिटांतच दोन-तीन हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) वर जातो, बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. जड वाटणं, जांभया येणं हे त्या बंद गाडीत होतं. म्हणजे झोपेची भीती घालून फॉरवर्ड लोकांना बरोबर त्याच गाडीत बसवतोय.

काच फुटण्याचं एका ओळीत संपतं: २० पास्कल गुणिले पाव चौरस मीटर म्हणजे अर्धा किलो वजनाएवढा जोर, बाजूने ट्रक गेला की यापेक्षा मोठा धक्का बसतो.

टायर-बेअरिंगचं तपासायला सोपं आहे. काच वर करा. आवाज थांबला तर खिडकीचा होता. नाही थांबला, घों घों येतच राहिला आणि वळणावर कमीजास्त झाला, किंवा ८०-१०० ला स्टिअरिंग थरथरतंय, तर गॅरेजला दाखवा, बेअरिंग असेल, बॅलन्सिंग असेल. टायरची हवा बघा, खाचा झिजून गोटा झालाय का तेही बघा, समृद्धीसारख्या सलग काँक्रीटवर तासन् तास जोरात जायचं असेल तर नक्कीच बघा. फक्त ते खिडकीच्या आवाजावरून ठरवू नका, दोन्हींचा काही संबंध नाही.

राहिला सहावा, काचा कधीच उघडू नका. आमच्या ओळखीतच अशी घरं आहेत ज्यांच्या गाडीचा एसी बिघडलाय आणि दुरुस्तीचा खर्च आत्ता जमत नाही. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात असा मेसेज वाचून कुणी मागे पोरं बसवून काचा लावून घेतल्या तर काय होईल, याचा विचार लिहिणाऱ्याने केला नाही आणि पुढे ढकलणाऱ्यानेही नाही. काचा उघडा, दोन उघडा, मुलांचे हात आणि डोकी आत राहतील एवढ्याच उघडा, मागच्या पॉवर विंडोचं लॉक सहसा ड्रायव्हरच्या दारावर असतं ते लावा.

एकच गोष्ट हायवेला खरंच उघडी ठेवू नये, आणि ती या फॉरवर्डमध्ये नाहीच. ती म्हणजे डिकी. सामान मावत नाही म्हणून हॅचबॅकची किंवा एसयूव्हीची मागची डिकी अर्धवट उघडी, दोरीने बांधून नेतात. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, तिथे सायलेन्सरचा धूर घोटाळतो आणि उघड्या डिकीतून सरळ आत येतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, आणि आधी डोकं दुखतं मग गुंगी येते, सगळ्यात आधी मागच्या सीटवरच्यांना. सामान टपावर बांधा नाहीतर दुसऱ्या गाडीत द्या.