"टेन्शन घेणं बंद कर" म्हणणाऱ्यांनो

आज परत ते वाक्य कानावर आलं. ऑफिसातली एकजण सांगत होती, मधूनच छाती धडधडते, घामाने चिंब होते, डोकं फुटायला येतं, आणि समोरच्याने अर्धवट ऐकून ठोकून दिलं, "टेन्शन घेणं बंद कर गं." डोकंच फिरलं माझं.

माझ्या ताईने हे तीन वर्षं ऐकलंय. जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसलेली ताई, चेहरा कागदासारखा पांढरा, कुडता पाठीला चिकटलेला, म्हणतेय, "काही नाही, जाईल दहा मिनिटांत." जायचंही! दवाखान्यात पोचेपर्यंत बीपी १३०/८०, म्हणजे आम्हीच खोटे.

शेवटी एका डॉक्टर मॅडमनी विचारलं, "तेव्हा चेहरा लाल होतो की पांढरा पडतो?" तीन वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मग २४ तासांची लघवी कॅनमध्ये जमवून मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रिनॅलिनपासून शरीरात बनणारं द्रव्य) तपासलं, सीटी केला, आणि उजव्या किडनीवर टोपीसारखी बसलेली जी अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते तिच्यात गाठ. फिओक्रोमोसायटोमा. नाव नीट उच्चारायलाच आठवडा गेला. आपण घाबरलो की जे अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं ना, ते ही गाठ मनाला येईल तेव्हा सोडते, आणि तेवढ्यापुरतं बीपीही चढतं. म्हणजे ताई घाबरायची म्हणून धडधडत नव्हतं, धडधडायचं म्हणून ती घाबरायची, आणि आम्ही तिला दीर्घ श्वास घ्यायला लावत होतो!

हो, मान्य, आजार दुर्मिळ आहे, बहुतेकांची धडधड काळजीचीच निघते. पण धडधडत असतानाच बीपी मोजायला काय जातं? १८८६ पासून नोंद आहे हो या गाठीची. आणि ताईला कोणीतरी नुसता बीटा ब्लॉकर, म्हणजे धडधड कमी करणारी गोळी, चालू केला होता. यात आधी अल्फा ब्लॉकर, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, द्यायचा असतो, नाहीतर बीपी आणखी भडकू शकतं, हे कळलं तेव्हा मीच मटकन खाली बसले.

ऑपरेशनआधी दोन आठवडे अल्फा ब्लॉकरच्या गोळ्या, आणि सोबत भरपूर पाणी, मीठही. जिचं मीठ आम्ही तीन वर्षं तोडलं होतं तिला सर्जन सांगतायत, मीठ खा!

खरं सांगू? त्या चौथ्या पायरीवर मीपण म्हणाले होते, "ताई, तू फार विचार करतेस." ती नुसती हसली होती.

गाठ निघाली, ताई बरी आहे. हे बऱ्याचदा आनुवंशिक असतं म्हणून माझंही रक्त तपासायला गेलंय. ताईची तपासणी मात्र दरवर्षी असते, तो कॅन लॅबमध्ये मीच नेऊन देते.