प्रमाणपत्राची मुदत, हातांची मुदत

मायदेशी परिचारिका म्हणून काम करणाऱ्या मैत्रिणींशी बोलताना एकच वाद पुन्हा पुन्हा कानावर येतो. आपत्कालीन विभागातल्या परिचारिकेकडे बेसिक लाइफ सपोर्टचे, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला छाती दाबून आणि श्वास देऊन जगवण्याच्या प्राथमिक प्रशिक्षणाचे, नेमके कोणते प्रमाणपत्र असावे? अमेरिकन हार्ट असोसिएशनचे दोन वर्षे चालणारे कार्ड घ्यावे, की इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशनने आपल्याकडच्या परिस्थितीला धरून बेतलेला अभ्यासक्रम पुरेसा मानावा. फी रुग्णालयाने भरावी की परिचारिकेने स्वतः? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात हे प्रशिक्षण आले, तेव्हा आधी शिकून बाहेर पडलेल्यांचे काय, हा प्रश्नही त्यात भरीला आला आहे. गेली काही वर्षे ब्रिटनमधल्या आपत्कालीन विभागात काम करणाऱ्या मला मात्र वाटते, की कार्ड कोणाचे यावर एवढी शक्ती खर्च करताना मूळ दुखणे बाजूलाच राहते.

भारतातल्या माझ्या पहिल्या नोकरीतली एक रात्र अजून विसरता येत नाही. रुग्णालयाचे नाव सांगण्याची गरज नाही. तशी अनेक आहेत. कॅज्युअल्टीत, म्हणजे आपत्कालीन विभागात, आणलेल्या रुग्णाची नाडी लागेना, श्वास नव्हता, आणि माझ्या पर्समध्ये नुकतेच मिळालेले कार्ड होते. मी शिरेत इंट्राकॅथची नळी घातली, हृदयासाठीचे अ‍ॅड्रेनलिन भरून ठेवले, मॉनिटरच्या तारा लावल्या. दुसऱ्या सिस्टरने श्वास देण्याची अ‍ॅम्बू बॅग शोधून काढली. आणि आम्ही दोघी सरांची, म्हणजे डॉक्टरांची, वाट पाहत उभ्या राहिलो. छातीला हात कोणीच लावला नाही. हृदय नुसतेच थरथरत असेल, तर सीपीआरविना, म्हणजे छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवल्याविना, जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते, हे मला तोंडपाठ होते. ज्ञान होते, पण ‘सर येण्याआधी सुरू केले आणि बरगडी मोडली तर?’ ही भीती त्याहून मोठी होती, आणि त्या भीतीवर कोणत्याही कार्डामागे उत्तर छापलेले नसते.

इथे ब्रिटनमध्ये हा प्रश्न पडत नाही, कारण तो पडू नये अशी व्यवस्था आहे. रुग्ण कोसळलेला जिला प्रथम दिसतो ती भिंतीवरचे बटण दाबते आणि लगेच छाती दाबू लागते; दुसरी कोणी रुग्णालयाच्या तातडीच्या पथकाला बोलावणारा २२२२ हा क्रमांक फिरवते. आधी परवानगी विचारणारीकडेच लोक आश्चर्याने पाहतील. रिससिटेशन कौन्सिल यूकेच्या शिफारशीनुसार उजळणी वर्षाला होते, पण मला खरे शिकवले ते आमच्या शिक्षक-परिचारिकेने, जी अधूनमधून कामाच्या वेळेतच सराव-पुतळा ट्रॉलीवर घालून विभागात घेऊन येते. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, हे आकडे मला नवे नव्हते. पुतळ्याला जोडलेल्या पडद्यावर उमटलेली माझी चूक नवी होती : दाब सोडताना माझे तळहात छातीवर रेलूनच राहत होते. छाती पूर्ण वर येऊ दिली नाही तर हृदयात रक्त भरायला जागा मिळत नाही, म्हणजे पुढचा दाब बराचसा फुकट जातो. दीड मिनिटानंतर खोलीही कमी होत गेली, आणि मला तर हात तितक्याच जोराने चालल्यासारखे वाटत होते. दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा, ते त्या दिवशी अंगाला समजले. उंची कमी असेल तर पायाखाली स्टूल घे, कोपर वाकवून जोर लावू नकोस, हेही तिनेच सांगितले. आपल्याकडच्या उंच स्ट्रेचरशेजारी टाचा उंचावून दाब देणाऱ्या किती सिस्टर मी पाहिल्या आहेत!

इथले सगळे आदर्श आहे असे मुळीच नाही. गर्दीच्या दिवसांत रुग्ण कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर असतात, तिथे ना ऑक्सिजनचा पॉइंट ना बाजूला उभे राहायला जागा, आणि माणसे कमी पडली की पहिली काट सरावालाच लागते. तरीही ज्या गोष्टीवर इथे कोणी वाद घालत नाही, ती ही, की हात तीन ते सहा महिन्यांत विसरू लागतात. मग कार्ड अमेरिकेचे असो वा भारतीय, दोन वर्षांच्या मुदतीतला बराचसा काळ ते न सरावलेल्या हातांची ग्वाही देत असते.

एका पाळीत एकटीने अख्खी कॅज्युअल्टी सांभाळणाऱ्या सिस्टरला सरावाला वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप मला मान्य आहे. ती ओढाताण मी भोगली आहे. पण पाळी बदलताना दोन तुकड्या काही मिनिटे एकत्र असतात, आणि एकीला दोन मिनिटे पुरतात. शिवाय ‘डॉक्टरांची वाट न पाहता परिचारिकेने सीपीआर सुरू करावा’ असे अधीक्षकांच्या सहीचे एक पत्रक भिंतीवर लावायला फी लागत नाही, आणि सही असली की बरगडीची भीतीही निम्मी होते. हे सगळे मी परवा एका जुन्या सहकारी मैत्रिणीला फोनवर सांगितले. ती म्हणाली, “पुतळा आहे गं आमच्याकडे. कपाटात आहे, कुलूप लावून. किल्ली मेट्रनकडे, म्हणजे मुख्य परिचारिकेकडे असते, आणि मेट्रन पाचला घरी जातात.”