पहिली लांब माउंटन बाइक रेस: ‘दर रविवारी १०० किमी मारा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ठाण्यात सराव करून हिमाचलातली ७० किमी, १८०० मीटर चढाईची पहिली माउंटन बाइक रेस कशी करायची, या माझ्या लेखावर इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचे आक्षेप चार. ठाण्याजवळच्या येऊरच्या डांबरी चढावर फेऱ्या मारून डोंगरातली रेस होत नाही, त्यासाठी दर रविवारी घोडबंदरमार्गे हायवेवर सलग १०० किमी मारायला हवेत. मागच्या टायरला २४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) म्हणजे रिमची वाट. साखर-मिठाचं पाणी कशाला, ओआरएस आणि केळी पुरतात. आणि हार्डटेल (फक्त पुढे सस्पेंशन असलेली सायकल) घेऊन ७० किमी डोंगरात कुणी जाऊच नये.

आधी किलोमीटरचं बघू. हायवेवरचे १०० किमी ताशी २५च्या वेगाने चार तासांत होतात आणि त्यात चढ जवळपास नसतोच. ७० किमी आणि १८०० मीटर चढाईची रेस पहिल्यांदा करणाऱ्याला सहा ते आठ तास खाते. यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत माउंटन बाइक मॅरेथॉनचं अंतर ६० ते १६० किमी आहे, म्हणजे नुसत्या अंतरावरून रेस किती कठीण हे कळतच नाही. तयारी मोजायची ती दोन आकड्यांत: सीटवरचे तास आणि एकूण चढाई.

म्हणून येऊर. उपवनकडून गावापर्यंतचा चढ लहान आहे, पण तो पुन्हा पुन्हा करता येतो. सायकल कॉम्प्युटरवर एका फेरीची चढाई मोजा. समजा १३० मीटर भरली, तर १८०० मीटरसाठी १४ फेऱ्या लागतील. सरावातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी त्यातल्या नऊ-दहा पुरे. सगळ्या चौदा मारल्या तर पुढचा आठवडा नुसता थकवा काढण्यात जातो. या फेऱ्या बसून, ५५ ते ६५ केडन्सने (मिनिटाला पेडलचे फेरे) मारायच्या. हायवेवर पाय ८५-९०ने फिरतात. डोंगरात तीव्र चढावर तो वेग मिळत नाही आणि तिसऱ्या तासानंतर कंबर धरते ती याच सवयीच्या अभावी. चढ तीव्र झाला की सीटच्या टोकाशी सरकायचं, कोपरं खाली, छाती हँडलकडे; नाहीतर पुढचं चाक उचलतं.

डांबरावर घसरण कळत नाही, हा तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. मुरमावर पेडलला झटका दिला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. म्हणूनच लेखात एक रविवार सोडून दुसरा कच्च्या रस्त्याचा आहे: मुरबाड-शहापूरकडे वाड्यापाड्यांना जोडणारे रस्ते त्यासाठी उत्तम. नवी मुंबईकरांना खारघरचा डोंगर जवळ आहे, फक्त पावसाळ्यात प्रवेश बंद नाही ना, हे आधी पाहून निघा. येऊरच्या जंगलातल्या पायवाटांवर मात्र सायकल घालू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचा वावर आहे आणि परवानगीशिवाय आत जाणं गुन्हा आहे. गावाचा रस्ता सोडायचा नाही, तोही उजाडल्यावर.

रविवारची राइड तीन तासांपासून सुरू करून दर आठवड्याला अर्धा तास वाढवा, चौथ्या आठवड्यात निम्मी करा. साडेपाच-सहा तासांपर्यंत पोचलात की थांबा. रेसच्या आधीचे दोन आठवडे राइड छोट्या, पण चढ तोच.

आता टायर. तुमचा मित्र ज्या टायरवर रिम वाकवून आला, त्यात ट्यूब होती असं तुम्हीच लिहिलंय, आणि लेखातले आकडे ट्यूबलेसचे आहेत: साधारण ७० किलोचा रायडर, २९ × २.२५ टायर, पुढे २१-२२, मागे २४. ट्यूब असेल तर २८ ते ३२ ठेवायलाच हवेत. कमी दाबात दगडावर आदळलं की ट्यूब टायर आणि रिमच्या मध्ये चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसमध्ये चिमटायला ट्यूबच नाही. रिम मात्र तिथेही आपटू शकते, म्हणून वजन जास्त असेल किंवा वाट दगडांची असेल तर दोन पीएसआय वाढवा.

वजनापेक्षा जास्त गोंधळ पंपाचा काटा करतो. घरातल्या उभ्या पंपाची तबकडी बहुतेक वेळा १६० पीएसआयपर्यंत असते. तिच्यावर २० आणि ३० या खुणा एकमेकींना इतक्या चिकटलेल्या असतात की २४ समजून भरलेली हवा १९ही असू शकते. कमी दाब मोजणारा वेगळा डिजिटल गेज घ्या आणि प्रत्येक वेळी त्यानेच मोजा. ठाण्यात भरलेली हवा हिमाचलात तीच राहत नाही, हेही लक्षात ठेवा. २००० मीटर उंचीवर बाहेरचा दाब घटल्याने गेज सुमारे ३ पीएसआय जास्त दाखवतो, आणि पहाटेच्या थंडीने त्यातले दोन-अडीच पुन्हा उतरतात. त्यामुळे दाब बघायचा तो रेसच्या सकाळी, तिथेच.

सीलंट, म्हणजे ट्यूबलेस टायरचं भोक आतून बुजवणारा द्रव, एका टायरला १०० मिलि. आपल्याकडच्या उकाड्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक कानाशी धरून हलवा. आत द्रव खळखळला नाही तर टायर उघडून सुकलेली पापडी काढा आणि नवं भरा. ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब सोबत हवीच, कारण टायरची बाजू फाटली तर सीलंट काही करू शकत नाही.

ओआरएसबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे खूप जण फसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. ते जुलाबातलं पाणी आणि क्षार भरून काढायला बनवलंय. तासाला ७०० मिलि प्यायलात तर पोटात साडेनऊ ग्रॅम साखर गेली, आणि डोंगरात तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. बाकीचं केळ्यांतून भरून काढायचं तर तासाला दोन केळी, म्हणजे सात तासांत चौदा. चौथ्या तासानंतर ती चावणं नको होतं आणि खडबडीत उतारावर हँडल सोडून सोलताही येत नाहीत.

७५० मिलिच्या बाटलीत ४५ ग्रॅम साखर (सपाट अकरा चमचे), सपाट पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. हे एका तासाचं. मिठातून सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं, साखरेचं प्रमाण सहा टक्के राहतं, त्यामुळे पोट डबडबत नाही. साध्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असतं आणि आतडं ते दोन वेगळ्या वाटांनी शोषतं, म्हणून नुसत्या ग्लुकोजपेक्षा ती जास्त पचते. जोडीला दोन-तीन बिया काढलेले खजूर घेतले की तासाचे ६० ग्रॅम झाले. शेंगदाण्याची चिक्की रेस संपल्यावर खा. तिच्यातली चरबी पोटात रेंगाळते. पहिला घोट सुरुवातीच्या वीस मिनिटांत, तहान लागो न लागो, कारण थंड हवेत तहान उशिरा कळते. आणि हे सगळं प्रत्येक मोठ्या रविवारी करून बघायचं, पोटालाही सराव लागतो. नुसतं साधं पाणी लिटरवर लिटर ढोसणं मात्र धोक्याचं: रक्तातलं सोडियम उतरून डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणूस अजून पाणी पितो.

हार्डटेल चालते. सस्पेंशनपेक्षा आधी गिअर बघा. पुढच्या दातेरी चाकाला (चेनरिंग) ३२ दाते आणि मागच्या सगळ्यात मोठ्याला ५१ असतील तर ताशी ५ किमीच्या चढावर केडन्स ५८ राहतो. पुढे ३४, मागे ४२ असेल तर तोच ४५वर येतो आणि गुडघे बोलायला लागतात. पुढची चेनरिंग बदलणं नव्या सायकलपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. चेन मापकावर ०.५ (टक्के झीज) दाखवत असेल तर ११-१२ स्पीडला (मागे ११-१२ गिअर) ती बदला, पण रेसच्या तीन आठवडे आधी. नवी चेन जुन्या कॅसेटवर (मागच्या दातेरी चाकांचा संच) उड्या मारते का, हे सरावातच कळलं पाहिजे. नवे ब्रेक पॅड टाकले तर ताशी २० किमीवरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक लॉक न करता, वीसेक वेळा वेग उतरवा, मगच ते पकड घेतात.

मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणारी यंत्रणा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, मात्र प्रत्येकाने सुटा बाळगावा. सायकल एका बाजूला पडली की आधी तोच वाकतो. मागे उकिडवं बसून बघा: डिरेलरची दोन्ही छोटी चाकं कॅसेटच्या दात्यांच्या सरळ रेषेत दिसली पाहिजेत. खालचं आत झुकलं असेल तर मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चाकावर डिरेलरचा पिंजरा स्पोकमध्ये अडकतो आणि रेस तिथेच संपते. हँगर सायकलच्या मॉडेलप्रमाणे वेगळा असतो, डोंगरातल्या दुकानात तो मिळेल या भरवशावर राहू नका. जोडीला तुमच्या स्पीडची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), चेन तोडायची पिन असलेला मल्टिटूल, टायरचं भोक बुजवायचे प्लग, पंप, टायर लिव्हर.

तुमच्या मित्राचं सामानासकट वजन, टायरची रुंदी आणि रिमची आतली रुंदी इथेच खाली लिहा. रिम सरळ झाली असेल आणि तिला ट्यूबलेस टेप (रिम हवाबंद करणारी पट्टी) बसत असेल तर त्यांच्यासाठी नेमका दाब काढून देतो.