सांताचा लाल अंगरखा कोका-कोलाने शिवलेला नाही

डिसेंबर लागला की तो मेसेज येतोच. यंदा पहिल्याच आठवड्यात तीन ग्रुपवर आला. एका ग्रुपवर तर गेल्या वर्षी ज्यांनी पाठवला होता त्यांनीच पुन्हा पाठवला, वर "डोळे उघडणारी माहिती" असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: सांताक्लॉज मुळात हिरव्या कपड्यांतला हडकुळा म्हातारा. 1931 साली कोका-कोलाने आपल्या लेबलाशी जुळावा म्हणून त्याला लाल केलं, त्याला ढेरी आणि हसू दिलं. घसरगाडी, रेनडिअर, उत्तर ध्रुव हे सगळं जाहिरातवाल्यांच्या डोक्यातून निघालेलं. 'जिंगल बेल्स' हे नाताळचं म्हणून बाजारानेच लिहवून घेतलेलं गाणं. आणि एकूण नाताळ हाच कंपन्यांनी घडवलेला सण, त्याआधी त्याला कोणी विचारत नव्हतं.

यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करून टाकतो. कोका-कोला हे उन्हाळ्यात प्यायचं पेय, अशी लोकांची समजूत होती आणि हिवाळ्यात खप वाढवायला कंपनीला काहीतरी हवंच होतं. 1931 साली तिने हॅडन संडब्लॉम या चित्रकाराकडून सांताची चित्रं काढून घेतली. ती मालिका 1964 पर्यंत चालली. चित्रं देखणी होती, आणि सांता कुणाच्याही घरात शोभेल असा लालबुंद गालांचा आजोबा होता. आज डोळे मिटल्यावर जो सांता दिसतो त्याच्या चेहऱ्यावर संडब्लॉमचा हात फिरलेला आहे. एवढं श्रेय त्याचं.

पण रंग? त्याचं श्रेय द्यायला हात धजत नाही.

ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं तो संत निकोलस चौथ्या शतकात मायरा इथे, म्हणजे आजच्या तुर्कीत, बिशप होता. 6 डिसेंबर हा त्याचा दिवस. डच लोक त्याला सिंटरक्लास म्हणतात, सांताक्लॉज हे नाव त्यावरूनच आलं. हा सिंटरक्लास लाल झगा आणि बिशपची उंच लाल टोपी घालून येतो, तेही सरबताच्या कुठल्याही कंपनीला न विचारता.

अमेरिकेत सांताला रूप दिलं ते टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने. 3 जानेवारी 1863 च्या 'हार्पर्स वीकली'त त्याने काढलेला पहिला सांता बघण्यासारखा आहे. उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं यांच्यात यादवी युद्ध चालू होतं. सांता उत्तरेच्या सैन्याच्या छावणीत भेटी वाटतोय, कोटावर तारे, विजारीला पट्टे, म्हणजे अंगावर जवळजवळ अमेरिकेचा झेंडाच. हातात एक कळसूत्री बाहुली आहे आणि तिच्या गळ्यात दोरी. ती बाहुली म्हणजे दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस! सांताकडून जाहिरात करून घेतलीच असेल तर ती आधी युद्धाची. बाटलीची पाळी फार नंतर आली.

नास्टची बरीचशी चित्रं लाकडी ठोकळ्यावर कोरून काळ्या शाईत छापलेली, त्यामुळे त्यांवरून रंगाचा निकाल लागत नाही. तो लागला रंगीत छपाई स्वस्त झाल्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या भेटकार्डांवर सांता निळा, तपकिरी, जांभळा, हिरवाही सापडतो. मात्र विसावं शतक उजाडलं तेव्हा लाल रंग बाकीच्यांच्या बराच पुढे गेला होता. नॉर्मन रॉकवेलने 1920 च्या दशकात 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'च्या मुखपृष्ठांवर लाल सांता काढला. हे मुखपृष्ठ 1926 पर्यंत दोनच शायांत छापलं जायचं, एक काळी आणि दुसरी लाल. आता अशा मुखपृष्ठावर सांता हिरवा येणार कुठून? पुढे संडब्लॉमच्या जाहिरातीही याच साप्ताहिकात झळकल्या. म्हणजे जिथे वाचकांना लाल सांता आधीच ओळखीचा होता, त्याच घरात कोका-कोला पाहुणी म्हणून आली.

शीतपेय विकायला सांताला जुंपण्याची युक्तीसुद्धा तिची पहिली नाही. व्हाइट रॉक नावाच्या कंपनीने 1915 सालीच खनिज पाण्याच्या जाहिरातीत त्याला राबवून घेतलं होतं, आणि 1923 साली जिंजर एलच्या. गंमत म्हणजे सांता आधीपासूनच लाल होता हे खुद्द कोका-कोला कंपनीही सांगते. ज्याला श्रेय द्यायचं तोच नको म्हणतोय, तरी मेसेज थांबत नाही.

मग "हिरवा" आला कुठून? धूर निघालाय म्हणजे कुठेतरी आग असणारच. इंग्लंडात फादर ख्रिसमस ही वेगळी असामी होती. तो मुलांना भेटी वाटणारा नव्हे, मोठ्यांच्या खाण्यापिण्याचा यजमान. डिकन्सच्या 1843 सालच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये नाताळाचं जे भूत येतं ते याच घराण्यातलं: पांढऱ्या फरची किनार असलेला हिरवा झगा, डोक्यावर हॉलीच्या पानांचा मुकुट, आणि बैठक कशावर, तर टर्की, बदकं, सॉसेजच्या माळा, पुडिंगं, कालवांची पिंपं यांच्या ढिगावर. अमेरिकेतला सांता इंग्लंडात पोचल्यावर दोघे एकमेकांत मिसळले. मेसेज लिहिणाऱ्याने एकाचे कपडे दुसऱ्याच्या अंगावर चढवले, इतकंच.

ढेरी आणि रेनडिअर यांचा निकाल झटपट लावता येतो. 23 डिसेंबर 1823 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात एक निनावी कविता छापून आली, पुढे ती क्लेमंट मूरच्या नावावर लागली. हसला की जेलीसारखं हलणारं पोट, घसरगाडी आणि आठही रेनडिअर, नावांसकट, तिच्यात आहेत. फक्त हा सांता बुटका आहे, एखाद्या यक्षासारखा. उत्तर ध्रुवाचा पत्ता नास्टने 1866 च्या चित्रात लिहून ठेवलाय.

आणि इथेच मेसेज लिहिणाऱ्याची कीव येते. कंपनीनेच जन्माला घातलेला एक रेनडिअर त्याच्या नाकासमोर होता, तेही लाल नाकाचा. रुडॉल्फ! 1939 साली माँटगोमेरी वॉर्ड या शिकागोच्या दुकानदार कंपनीला नाताळात मुलांना फुकट वाटायला पुस्तिका हवी होती. तिच्या जाहिरात विभागातल्या रॉबर्ट मे याने ती गोष्ट लिहिली आणि पहिल्याच वर्षी सुमारे 24 लाख प्रती वाटल्या गेल्या. 1949 साली मेच्या मेहुण्याने त्यावर गाणं केलं. तसंच जपानचं. तिथे नाताळला केएफसीची तळलेली कोंबडी खायची पद्धत आहे आणि ती 1974 च्या जाहिरात मोहिमेतून आलेली आहे. असे अस्सल पुरावे सोडून गडी कोका-कोलाच्याच मागे.

'जिंगल बेल्स'बद्दल इतकंच की जेम्स पिअरपाँटचं हे गाणं 1857 साली बॉस्टनमध्ये छापलं गेलं, आणि त्यात नाताळ हा शब्दच नाही. घोड्याची घसरगाडी, शेजारी मुलगी, शर्यत आणि बर्फात उलटणं, एवढाच विषय. नाताळला ते लोकांनी चिकटवलं, आणि इतकं घट्ट की 16 डिसेंबर 1965 रोजी जेमिनी 6 यानातल्या दोघा अंतराळवीरांनी लपवून नेलेला माउथ ऑर्गन आणि घुंगरू काढून तेच वाजवलं.

राहिला शेवटचा मुद्दा, म्हणजे कंपन्यांआधी या सणाला कोणी विचारत नव्हतं. 1647 साली इंग्लंडात प्युरिटनांच्या, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांच्या, ताब्यातल्या संसदेने नाताळ रद्द केला. त्या 25 डिसेंबरला कँटरबरीच्या महापौराने हुकूम काढला की नेहमीसारखा बाजार भरवा, दुकानं उघडा. उघडली मोजक्या दुकानदारांनी. लोक जमले, दुकानं बंद करा म्हणाले, ऐकेनात तेव्हा त्यांचा माल उधळून दिला. दारांवर हॉलीच्या फांद्या लागल्या, रस्त्यावर फुटबॉल सुरू झाला आणि शेवटी दंगल पेटली. म्हणजे दुकानं उघडी राहावीत हा सरकारचा हट्ट होता, आणि ती बंद व्हावीत म्हणून भांडत होते ते नाताळवाले.

अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 पासून नाताळ पाळताना सापडणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. जे कोणी करतच नाही त्यावर दंड कोण कशाला ठेवील? तो कायदा 1681 साली मागे घेतला गेला. त्यानंतर 205 वर्षांनी अटलांटात कोका-कोलाचा पहिला ग्लास विकला गेला.