सेवाग्रामचे ‘आखिरी निवास’ आणि मुले दरवर्षी विचारतात तो प्रश्न

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेतील सातवीची मुले घेऊन मी सेवाग्राम आश्रमात गेलो होतो. बापूकुटी पाहून आम्ही ‘आखिरी निवास’मध्ये आलो. बाहेर ऊन तापले होते आणि आत कवेलूंच्या छपराखाली सारवलेली जमीन तळपायांना थंडगार लागत होती. एका मुलाने माझ्या सदऱ्याला धरून हळूच विचारले, “सर, बापू इथीच वारले का?”

हा प्रश्न मी दरवर्षी ऐकतो, आणि तो मोठी माणसेही विचारतात. त्यांचा दोष नाही. गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत झाली हे ज्याला पाठ आहे, तोसुद्धा हे नाव वाचून या दाराशी क्षणभर थबकतो.

हे घर बांधले जमनालाल बजाजांनी, तेही स्वतःला राहता यावे म्हणून. पुढे डॉ. सुशीला नय्यर यांनी येथे दवाखाना चालवला. खोकल्याने हैराण झालेल्या बापूंना काही दिवसांसाठी या घरात आणले गेले, आणि ऑगस्ट १९४६ मध्ये ते येथूनच दिल्लीला निघाले. त्यानंतर नोआखाली, बिहार, कोलकाता आणि पुन्हा दिल्ली. सेवाग्रामला त्यांचे पाय पुन्हा लागले नाहीत, म्हणून हे ‘आखिरी’. ते निघाले त्या दिवशी हे नाव कोणाच्या ओठी असणे शक्यच नव्हते. ते मागाहून, वाट पाहून झाल्यावर पडले.

या परिसरात नावे अशी वापरातूनच आली आहेत. १९३६ मध्ये पहिल्यांदा उभे राहिले ते आदि निवास; आज जिला आपण बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेनची झोपडी होती; आणि खुद्द गावाचे शेगाव हे नाव १९४० मध्ये बदलले, कारण पत्रे गजानन महाराजांच्या शेगावला जात असत.

मला मनापासून वाटते की मुलांना हे घर दाखवताना ‘आखिरी’ या शब्दापासून सुरुवात करू नये. आधी जमनालालजींचे घर सांगावे, मग दवाखाना सांगावा, औषधासाठी येणारी आसपासच्या खेड्यांतील माणसे सांगावीत, आणि शेवटी तो खोकला आणि तो प्रवास. नाही तर ज्या घरात माणसे बरी होण्यासाठी येत होती, ते घर मुलांच्या मनात मृत्यूचे ठिकाण होऊन बसते. फेब्रुवारी १९४८ मध्ये रचनात्मक कार्यकर्त्यांची, म्हणजे खादी-ग्रामोद्योगासारखी कामे करणाऱ्या बापूंच्या सहकाऱ्यांची, बैठक सेवाग्रामलाच, बापूंच्या उपस्थितीत व्हायची होती. ती मार्चमध्ये त्यांच्यावाचून झाली, हेही सांगावे.

मी त्या मुलाला हे सगळे तेथेच बसून सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. चपला घालताना मात्र त्याने मागे वळून पाहिले आणि विचारले, “मंग ते वापस येणार होते, सर?”

मी म्हणालो, “हो, येणार होते.”