पासपोर्टच्या फोटोचे ‘नवे नियम’: एका फॉरवर्डचा समाचार

“सावधान! पासपोर्टच्या फोटोचे नियम बदलले! १ सप्टेंबरपासून आयकाओ फोटो नसेल तर अर्ज थेट बाद, भरलेले पैसे बुडाले. अपॉइंटमेंटला जाताना स्टुडिओतून काढलेले चार फोटो न्या. दोन्ही कान दिसलेच पाहिजेत. टिकली, नथ, मंगळसूत्र चालत नाही. डोक्यावर काहीही चालत नाही. चष्मा नाही, हसणं नाही. मोबाइलवर काढलेला फोटो नाही. मागची भिंत पांढरी नसेल तर ॲपने करून घ्या. दाढी ठेवली असेल तर जुना पासपोर्टही बदला.”

थोड्याफार फरकाने हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर, चुलतभावंडांच्या ग्रुपवर आणि परदेशातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर फिरतोय. तारीख आहे, पण साल नाही. म्हणजे दरवर्षी ऑगस्ट उजाडला की पुन्हा ताजा.

सगळाच खोटा असता तर एका ओळीत निकाल लागला असता. पण यातल्या निम्म्या गोष्टी कुठे ना कुठे खऱ्या आहेत. कुठे, तेवढंच सांगायचं राहिलंय. अर्ज मालाडच्या किंवा मुंढव्याच्या केंद्रात करताय, दुबईच्या वकिलातीत करताय, की अमेरिकेचा नागरिक होऊन अमेरिकेचाच पासपोर्ट काढताय, यावर उत्तर बदलतं.

“अपॉइंटमेंटला चार फोटो न्या.”

भारतात पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करणाऱ्या मोठ्या माणसाने एकही फोटो न्यायचा नसतो. तुमचा फोटो तिथेच काढतात. टोकन मिळालं की आधी ‘ए’ काउंटर. तिथे कागद स्कॅन होतात, बोटांचे ठसे घेतात आणि मागे पांढरा पडदा असलेल्या खुर्चीत बसवून समोरच्या कॅमेऱ्याने फोटो काढतात. “मान सरळ, केस मागे घ्या, इकडे बघा,” असं म्हणेपर्यंत काम झालेलं असतं. पुढे ‘बी’ आणि ‘सी’ काउंटरवर अधिकारी कागद तपासतात, पण फोटोचा विषय ‘ए’लाच संपतो. पोस्ट ऑफिसमधल्या पासपोर्ट केंद्रातही हीच पद्धत. स्टुडिओतून आणलेले चार फोटो पाकिटातून बाहेरसुद्धा निघत नाहीत.

त्यामुळे ‘फोटो चुकला, अर्ज बाद, पैसे बुडाले’ ही भीतीही इथे लागू नाही. डोळे मिटले तर समोरचा माणूस पुन्हा बटण दाबतो. फोटो स्क्रीनवर दिसतो. आवडला नाही तर तिथल्या तिथे, नम्रपणे, “अजून एकदा घ्याल का?” विचारावं. घरी येऊन कपाळाला हात लावण्यापेक्षा ते बरं.

मेसेजमध्ये जे असायला हवं होतं ते मात्र नाही. फोटो तिथेच निघणार म्हणजे त्या दिवशी जसे जाल तसे दहा वर्षं दिसाल. पांढरा शर्ट किंवा पांढरा कुर्ता टाळा, पांढऱ्या पडद्यात खांदे विरून जातात आणि नुसतं मुंडकं उरतं. जून-जुलैची अपॉइंटमेंट असेल तर दहा मिनिटं आधी पोचून केस पुसा.

घरून फोटो न्यावा लागतो तो चार वर्षांच्या आतल्या बाळाचा. ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, अलीकडचा. नेमकं हेच मेसेजमधून गायब आहे, आणि केंद्राच्या दारात धावपळ होते ती याच आई-बापांची. बाळाला जमिनीवर पांढऱ्या चादरीवर झोपवायचं, खिडकीचा उजेड समोरून येऊ द्यायचा, वरून फोटो घ्यायचा, आपली सावली पडू द्यायची नाही. फोटोत आजीचा हात नको, खुळखुळा नको, दुपट्याचं टोक नको. काजळाची तीट पुसायची का? नियमात तिचं नावही नाही. मी पुसली असती. फोटो निघाला की पुन्हा लावा, आजीची हरकत नसेल.

“१ सप्टेंबरपासून आयकाओ फोटो नसेल तर…”

ही गोष्ट खरी आहे, फक्त पत्ता चुकलाय. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशातल्या भारतीय वकिलातींनी पासपोर्टच्या अर्जासोबत आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, निकषांत बसणारेच फोटो घ्यायला सुरुवात केली. तिकडे अर्जदार स्वतःचा फोटो स्वतः देतो, म्हणून तिकडे नियम लिहून द्यावे लागले. केंद्रात बसलेल्या अर्जदाराला ते पाठ करायची गरज नाही.

परदेशातल्या वाचकांसाठी ते असे: रंगीत फोटो, ६३० बाय ८१० पिक्सेल, मागे साधा पांढरा रंग. डोकं आणि खांद्यांचा वरचा भाग इतका जवळून की चेहरा फोटोचा ८० ते ८५ टक्के भाग व्यापेल. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, सावली नाही, डोळ्यांत लाल ठिपका नाही. कॅमेरा दीड मीटर लांब. संगणकावर काहीही फेरफार नाही.

अमेरिकेतले आपले लोक इथे हमखास अडकतात. तिथल्या औषधांच्या दुकानात ‘पासपोर्ट फोटो’ मागितला की दोन बाय दोन इंचाचा चौकोनी फोटो हातात पडतो, कारण त्यांच्या पासपोर्टला तो लागतो. आपला ६३० बाय ८१० म्हणजे सात-नऊचं प्रमाण, ३५ बाय ४५ मिलिमीटरचंच. चौकोन ताणून त्यात बसवला की चेहरा दुधी भोपळ्यासारखा लांबतो, आणि कापून बसवला की खांदे जातात. दुकानदाराला देशाचं नाव आधी सांगावं. कॅनडाचा फोटो ५० बाय ७० मिलिमीटर, चीनचा ३३ बाय ४८. आपल्याकडेही ‘पासपोर्ट साइझ’ म्हणून आठाचा सेट मिळतो आणि तोच शाळेला, बँकेला, सगळीकडे चिकटवतात. पॅन कार्डाच्या अर्जावरचा चौकोन मात्र ३.५ बाय २.५चा. तिथे तो कापूनच बसवावा लागतो.

“दोन्ही कान दिसलेच पाहिजेत.”

वकिलातींच्या नियमात शब्द आहेत ते चेहऱ्याच्या दोन्ही कडांचे: हनुवटीच्या टोकापासून कपाळाच्या वरच्या भागापर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या कडा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. केंद्रातला माणूस “केस कानामागे घ्या” म्हणतो, कारण केस मागे गेले की कडा आपोआप मोकळ्या होतात. तो म्हणाला तर घ्या, हुज्जत घालू नका. पण कान जन्मतः डोक्याला चिकटलेले असतील तर समोरून कमीच दिसणार, त्यासाठी रात्री जागायचं कारण नाही.

कानाचा आग्रह एके काळी खरोखरच होता. अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी २००४ पर्यंत तीन-चतुर्थांश बाजूने, उजवा कान दाखवणारा फोटो लागत असे. त्या काळी गेलेल्या काका-मामांनी तो नियम पाळलाय आणि ते आजही तो तितक्याच खात्रीने सांगतात. त्यांच्या वेळचं ते बरोबरच होतं. २००४ मध्ये तो फोटो गेला आणि समोरून काढलेला आला.

“टिकली, नथ, मंगळसूत्र चालत नाही.”

असा नियम नाही. कसोटी एकच: चेहरा झाकला जातोय का, आणि चमक पडून काही पुसलं जातंय का. कपाळावरची टिकली काही झाकत नाही, मंगळसूत्र तर चेहऱ्याच्या खालीच. अमेरिकेचे नियम तर स्पष्टच सांगतात की दागिने आणि टोचलेल्या चमक्या चेहरा लपवत नसतील तर राहू द्या. ओठांवर येणारी भलीमोठी मोत्यांची नथ घालून पासपोर्ट काढायला कुणी जात असेल तर ती बाजूला ठेवायला सांगतील. रोजची चमकी राहू दे.

हा मुद्दा मला खटकतो तो यासाठी की आपल्या बायका गुपचूप ऐकतात. रोज टिकली लावणारी बाई त्या एका दिवशी ती काढून जाते आणि दहा वर्षं स्वतःचा फोटो बघून म्हणते, ही मी नाहीच.

“डोक्यावर काहीही चालत नाही.”

टोपी, गॉगल डोक्यावर चढवलेला, हे नाही चालत. धार्मिक कारणासाठी डोकं झाकत असाल तर चालतं, अट वरचीच: हनुवटी ते कपाळ आणि दोन्ही कडा मोकळ्या. शीख बांधवांची पगडी, हिजाब, दोन्ही यात बसतात. ‘काहीही चालत नाही’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला नियमातला ‘मात्र’ नंतरचा भाग वाचायचा कंटाळा आला असावा.

“चष्मा नाही, हसणं नाही.”

भारतीय पासपोर्टापुरतं बरोबर. काचेवर उजेड चमकला की डोळे जातात, म्हणून चष्मा काढायचा. अमेरिकेनेही १ नोव्हेंबर २०१६ पासून बंद केला, वैद्यकीय कारण असेल तर लेखी दाखला लागतो. ब्रिटनमध्ये गरज असेल तर चष्मा चालतो, फक्त डोळे स्वच्छ दिसले पाहिजेत. हसण्याचं असं की विमानतळावरचं यंत्र डोळे, नाक, तोंड यांची ठेवण मोजून फोटो जुळवतं, आणि बत्तिशी दाखवली की तोंडाच्या कडा सरकतात. अमेरिका नैसर्गिक स्मित चालवून घेते. आपण ओठ मिटून बसायचं, पण चेहरा अगदी पोलिस ठाण्यातल्यासारखाच हवा असं कुणी म्हटलेलं नाही.

“मोबाइलवर काढलेला नाही. भिंत ॲपने पांढरी करा.”

या दोन वाक्यांत मेसेजने कमाल केली आहे. जे चालतं ते नाही म्हटलंय आणि जे चालत नाही ते करायला सांगितलंय.

परदेशातून फोटो पाठवताना मोबाइल वापरला म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते सेल्फीने. हात लांब करून काढलेल्या फोटोत नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान लांब, त्यामुळे नाक फुगतं आणि चेहरा अरुंद होतो. दीड मीटरचा नियम त्यासाठीच. दुसऱ्या कुणाला तरी पाच-एक फुटांवर उभं करा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला धरायला सांगा आणि स्वतः भिंतीपासून दोन पावलं पुढे या म्हणजे मागे सावली पडत नाही.

ॲप मात्र नकोच. पार्श्वभूमी खोडणारं ॲप केसांच्या कडा कुरतडतं, कधी कानाची पाळी खातं, वर गालही गुळगुळीत करून देतं. आपल्या स्टुडिओंनाही ही सवय जुनीच आहे: रंग दोन छटा उजळ, डाग साफ, हवा असेल तर कोट-टाय चढवलेला. अर्जात ‘ओळखीची खूण’ असा रकाना असतो. तिथे आपण लिहितो ‘उजव्या गालावर तीळ’, आणि सोबतच्या फोटोत तो तीळ स्टुडिओवाल्याने कौतुकाने पुसलेला!

फेरफाराला एवढा विरोध सौंदर्यासाठी नाही. दोन माणसांचे चेहरे संगणकावर एकात एक मिसळले तर असा फोटो होतो की दोघेही त्यावर खपून जातील. एका पासपोर्टवर दोन प्रवासी. २०१८ मध्ये जर्मनीत ‘पेंग’ नावाच्या कार्यकर्त्या-कलावंतांच्या गटाने हे करूनच दाखवलं. त्यांच्यातल्या एकीने स्वतःचा चेहरा आणि तेव्हाच्या युरोपीय संघाच्या परराष्ट्र धोरण प्रमुख फेडेरिका मोगेरिनी यांचा चेहरा मिसळून फोटो दिला, आणि सरकारी कार्यालयाने खराखुरा पासपोर्ट हातात ठेवला. मे २०२५ पासून जर्मनीने कागदी फोटो घेणंच बंद केलं. आता फोटो कार्यालयातच काढायचा, नाहीतर मान्यताप्राप्त स्टुडिओने तो सुरक्षित मार्गाने परस्पर पाठवायचा. आपलं ‘ए’ काउंटर हेच काम कितीतरी आधीपासून करतंय, याचं श्रेय कुणी देत नाही. रांगेतली गर्दी तेवढी सगळ्यांच्या लक्षात राहते.

“दाढी ठेवली असेल तर जुना पासपोर्ट बदला.”

नाही. दाढी, पिकलेले केस, वाढलेलं वजन यासाठी पासपोर्ट बदलायचा नसतो. मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचे असतात. सहा महिन्यांचं टक्कल असलेलं बाळ पाच वर्षांनी शाळेत जायला लागतं तरी तोच पासपोर्ट चालतो. चेहरा खरंच ओळखू येईनासा बदलला असेल, अपघाताने, शस्त्रक्रियेने, तर पुन्हा अर्ज करताना ‘रूपातील बदल’ हे कारण फॉर्ममध्ये आहे. ई-पासपोर्ट आला म्हणूनही घाई नको. नाशिक रोडच्या प्रतिभूती मुद्रणालयातून आता चिप असलेली पुस्तिका येते, पण बिनचिपची जुनी तिच्यावरच्या तारखेपर्यंत वैध आहे. मुदत संपत आली की नूतनीकरणाला जाल तेव्हा ‘ए’ काउंटरवर नवा फोटो निघेलच, दाढीसकट.