सुईदोऱ्याच्या डब्यातल्या ४७ पुड्या

आज संध्याकाळी सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला मेडिकलमध्ये उभी होते. पुढे आमच्याच सोसायटीतल्या काकू. म्हणाल्या, "त्या दुधातल्या पुड्या दे रे, हाडांच्या. मागच्या आठवड्यात नेलेल्या संपल्या." त्या पोरानं चिठ्ठी मागितली नाही, मान वर केली नाही, दहा पुड्या पिशवीत टाकल्या. मी म्हटलं, "अरे, व्हिटॅमिन डीची, साठ हजार युनिटची ना ती? आठवड्याला एक असते." तर म्हणतो, "मॅडम, व्हिटॅमिनच आहे. काही होत नाही."

माझं डोकंच सणकलं. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मागे रांग होती आणि रांगेत लेकीच्या क्लासचे सर.

होतं. माझ्या आईला झालं.

आई ७६ वर्षांची, कराडला एकटी राहते. कंबर धरायची म्हणून डॉक्टरांनी तेच व्हिटॅमिन, डी थ्री, लिहून दिलं. आठवड्यातून एक, आठ आठवडे. लिहिलं इंग्रजीत, त्यांच्या त्या अक्षरात. आई सातवी शिकलेली, मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, पण ही चिठ्ठी तिनं वाचायची कशी? ती रोज रात्री वाटीत कोमट दूध घ्यायची, पुडी सोडायची, ढवळून प्यायची आणि मग बोटानं वाटी पुसून घ्यायची. महागाचं औषध, वाया जायला नको.

महिन्याभरानं म्हणायला लागली, अन्नावर वासनाच नाही. मग मळमळ. पोट साफ नाही. सारखी तहान, रात्रीतून पाच-सहा वेळा उठणं. आम्ही सगळी शहाणी माणसं. वय झालंय, ऊन किती आहे, इसबगोल घे. मग एका सकाळी तिनं फोनवर मला मावशीच्या नावानं हाक मारली आणि विचारलं, म्हशीला वैरण टाकलीस का? आमच्याकडची शेवटची म्हैस माझ्या जन्माआधी विकली.

रक्तातलं कॅल्शियम १३.८ आलं. साडेदहाच्या आसपास थांबायला हवं. क्रिएटिनिनही वर, म्हणजे किडनीवर ताण. व्हिटॅमिन डीच्या रिपोर्टवर तर नेमका आकडाच नव्हता, "१५० पेक्षा जास्त" एवढंच.

तोवर मीही समजायचे, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं. ते बी आणि सीचं. डी चरबीत साठून बसतं, आतड्यातून कॅल्शियम ओढत राहतं आणि त्याचा मार किडनीला बसतो. गंमत बघा, उन्हात दिवसभर बसलात तरी पुरेसं झालं की कातडी डी बनवायचं आपली आपण थांबवते. पुडीला हे कळत नाही.

हो, मान्य आहे, आपल्याकडे डीची कमतरता घरोघरी आहे. माझंच ११ होतं, मी आठवड्याला एक घेतली, काही त्रास झाला नाही. नीट घेतलं तर चांगलं औषध आहे. झालं समाधान?

पण औषध आहे ना? मग औषधासारखं द्या की! "व्हिटॅमिनच आहे" म्हणून खोबऱ्याच्या वडीसारखं काय वाटता? जास्त दिलं की हाडं जास्त मजबूत, असंही नसतं. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदम ५ लाख युनिट देऊन पाहिले, २०१० मध्ये निकाल आला, तर त्या बायका जास्त पडल्या आणि हाडंही जास्त मोडली. पण आपल्या फॅमिली ग्रुपवर गुलाबाच्या फुलासकट काय येतं? "आईबाबांना रोज द्या."

आईला सलाईन, स्टेरॉइड, नऊ दिवस दवाखाना. घरी आणल्यावर आवरताना सुईदोऱ्याचा डबा उघडला तर आत रिकाम्या पुड्या. नखानं सपाट केलेल्या, रबर लावून ठेवलेल्या. "चांदीचा कागद चांगला असतो गं, कशालाही होतो."

पलंगावर बसून मोजल्या. ४७. एका पुडीत ६०,००० युनिट. धडधाकट माणसाला दिवसाला लागतात ६००. म्हणजे एक पुडी शंभर दिवसांची. आईनं दीड महिन्यात जवळजवळ १३ वर्षांचं व्हिटॅमिन दुधातून पिऊन टाकलं, बोटानं वाटी पुसून.

त्या पोरावर ओरडून आले खरी. घरी येऊन बसले आणि आता हे टाइप करताना राग कुठे गेला कळत नाहीये. कारण कराडच्या मेडिकलला फोन मीच केला होता. "आईचं सगळं दोन महिन्यांचं एकदम पाठवा, तिला जिना उतरायला नको." त्यांनी बाकीच्या गोळ्यांसारखंच दिवसाला एक धरून साठ पुड्या दिल्या. बिल मी फोनवरून भरलं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, न बघता. आणि रोज रात्री विचारायचे, "घेतलीस ना सगळी औषधं?"

"घेतली गं बाई," म्हणायची. शहाण्या मुलीसारखं.

आता बरी आहे ती. म्हशीचं विचारत नाही. डी खाली यायला मात्र महिने गेले, आणि दूध प्यायचं म्हटलं की अजून माझ्याकडे बघते, पिऊ का म्हणून.

मघाशी काकूंकडे जाऊन आले. काका म्हणाले, अगं, तिला तर हल्ली मळमळतंय. उद्या सकाळी साडेसातला त्यांना कॅल्शियम तपासायला घेऊन जाणार आहे. निघताना काकूंनी दारातून विचारलं, उपाशीपोटी यायचं का, आणि आज रात्रीची पुडी घेऊ ना?